बारमाही नदीचं पाणी

मांजळ नदी आटून वर्षं लोटली होती, पण शाळेच्या पुस्तकात ती अजून बारा महिने वाहत होती. म्हणून कुमुदबाई मुलांना पुस्तकं मिटायला लावून नदीच्या पात्रात नेत आणि डोळ्यांना दिसेल त्यावरच परीक्षा घेत. हे कानावर गेलं, तसे शिक्षण खात्याचे खानविलकर साहेब शाळेच्या तपासणीला आले.

“तुमच्या गावची नदी कशी आहे?” त्यांनी वर्गातल्या शेवंताला विचारलं.

“कोरडी ठाक.”

“चूक! पुस्तकात बारमाही लिहिलंय. बाई, ही नापास, आणि तुमचे असले प्रयोग आजपासून बंद.”

बाईंचा चेहरा उतरला. उन्हं चढली. साहेबांच्या घशाला कोरड पडली आणि त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी शेवंताच्या हाती तांब्या दिला.

“साहेबांच्या बारमाही नदीतून भरून आण गं.”

पोर गेली नि आली. साहेबांनी तांब्या पेल्यात कलंडवला, तर भुरभुर वाळू पडली.

“घ्या ना साहेब,” बाई म्हणाल्या, “बरोबर उत्तराचं पाणी आहे.”

साहेबांनी मुकाट्यानं शेवंताला पास केलं, प्रयोगही चालू ठेवायला सांगितले. शेवंतानं पेल्यातली वाळू नेऊन पुन्हा पात्रात ओतली. आटलेल्या नदीत तेवढीच भर.