पळसीचा लेक

काशीच्या गादीवर कुनी एक राजा व्हता, त्या काळची ही गोष्ट. तवा बोधिसत्त्वानं रानाकडंच्या एका गावात, सोमदत्त मुखियाच्या घरी जलम घेतला. नाव भद्रक. पन त्येची आई लगनाची न्हवती. पळसी तिचं नाव, हत्तींमागं फिरनाऱ्या रानातल्या लोकांची.

बाप मेला. भद्रक तिरडीला खांदा द्यायला गेला, तर लगनाच्या बायकूच्या थोरल्या लेकानं, विसाखनं, त्येला छातीवर हात लावून मागं ढकलला.

"रानातलीच्या पोरा, बाजूला हो. ह्यो आमचा बाप हाय."

गावातलं येक मानूस बोललं न्हाई. भद्रक आईला घिऊन रानात गेला. दोन वर्सांनी ती बी मेली. खांदेकरी कुठनं आनायचे? त्यानं तिला पाठीवर न्हेली.

मग येका उन्हाळ्यात विसाख सोता रानात आला. गावाच्या कोरड्या हिरीत हत्तीचं पिल्लू पडलं व्हतं. कळप जागचा हालंना. नदीची वाट बंद, दोन मानसं तुडवलेली, पोरं पान्यावाचून निपचित.

"आता बरी आठवन झाली," भद्रक म्हनला.

"गरज पडली म्हनून आलो. खोटं कशाला बोलू?"

भद्रकाला राग आला. लई आला. पन त्या पोरांनी त्येचं काय वाकडं केलं व्हतं? त्यो उठला.

आईनं शिकवल्यागत हळू बोलत त्यो कळपात शिरला. हत्तीनीनं त्येच्या टाळक्यावर सोंड धरली, पन मारलं न्हाई. दिसभर खांदून त्यानं हिरीला उतार केला. पिल्लू वर आलं. कळप गेला.

गाव म्हनलं, आता ह्योच मुखिया. रीत अशी, की नव्या मुखियानं पारावर उभं ऱ्हाऊन आईबापाचं नाव घ्यायचं, मग पागुटं. विसाख त्येच्या कानाला लागला.

"आमच्या आईचं नाव घे. मग तू घरचा."

"आन माझी आई?"

"ती मेली. तिला काय कळतंय?"

"मला कळतंय."

भद्रकानं बापाच्या दाराकडं बघितलं. तिथं येकदा बसायला मिळावं, येवढंच त्येला जलमभर हवं व्हतं. त्यो पारावर चढला आन म्हनला, "मी सोमदत्ताचा आन पळसीचा लेक."

विसाखनं पागुटं काखंत मारलं. भद्रक खाली उतरून रानाकडं चालू लागला. थांब म्हनायला कुनाचं तोंड उघडलं न्हाई.

येवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हंजी भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्खूंमधल्या येकाकडं वळले. "टोपल्या वळनाऱ्याच्या घरचा म्हनून ह्या नव्या भिक्खूला पंगतीतनं उठवनारा तू, तवाचा विसाख. गप बसलेलं गाव म्हंजी तुमी बाकीचे. भद्रक मी. आन ज्येला उठवला, ती तवाची माझी आई पळसी. घर मिळत असताना बी खरं सोडायचं न्हाई, ही सत्य पारमिता."