वरयेणीचा भिकाजी

ऐका गे बायांनो, पोरांनो, आणि मधे बोलू नका. फार वर्षं झाली. आपल्या कोंडबंदरात तेव्हा इंजिनाच्या होड्या नव्हत्या, शिडाच्याच होत्या. त्या काळी सुभद्रा मेतर नावाची एक बाई होती, तिला तीन लेकरं गेल्यावर, देवाकडे भीक मागून एक मुलगा झाला. म्हणून त्याचं नाव भिकाजी. असं म्हणतात, पोर चालायच्या आधी पोहायला लागलं.

पुढे भिकाजी नौदलात गेला, ते ठीक. पण एका सुट्टीत तो म्हणाला, "आये, माका पाणबुडीर घेतल्यानी," आणि सुभद्रेच्या हातातलं सूपच खाली पडलं. आपल्याकडे होडीत बसल्यावर बुडण्याचा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, आणि इथे होडीचं नावच बुडी!

"मेल्यांका दुसरा नाव गावला नाय?" ती कडाडली. "ता नाव माझ्या घरात घेव नको."

"मगे काय म्हणू?"

"वरयेणी म्हण. खाली गेली तरी वर येता ती."

झालं! तेव्हापासून त्याच्या पत्रांत वरयेणीच. बोटीवरचे पंजाबचे, मद्रासचे सोबतीही तेच म्हणू लागले.

मग लढाई पेटली. शत्रूच्या सुरुंगानं वरयेणीला भगदाड पाडलं नि ती तळाला टेकली. तिला वर न्यायची तर पाणी भरत्या खोलीत जाऊन एक चाक फिरवायला हवं होतं, आणि जाईल त्याच्यामागे दार घट्ट लावायला हवं होतं. भिकाजी उठला. म्हणाला, "आयेन नाव ठेवल्यान वरयेणी. तिका खोटी कशी पाडू?" दार लागलं. असं म्हणतात, त्यानं घेतलेला श्वास बोट उजेडात येईपर्यंत सोडला नाही. खालून देवमाशांनी बोटीला पाठीचा टेका दिला, असंही म्हणतात. मी काही बघायला गेले नव्हते. पण माणसं वर आली हे खरं. सगळी आली, एक सोडून.

लढाई संपल्यावर ती माणसं कोंडबंदरात आली. तार येऊन महिने झाले होते, तरी सुभद्रा रोज दारात बसायची. बोटीचा साहेब पुढे झाला. त्याला आपली भाषा येत नव्हती, वाटेत कुणाकडून तरी घोकून आला होता. टोपी काढून म्हणाला, "आये, वर इलंय." मग एकेक जण पुढे येऊन तेच म्हणाला.

सुभद्रा पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "इलास? बसा, जेवा. माझ्या झिलान, माझ्या भिकाजीन, किती आवशींची, किती आयांची पोरां वर आणल्यान रे!" आणि तिनं चूल पेटवली.

सुभद्रा जाऊन जमाना झाला. पण आजही होडी लागली की माणूस आधी मासळी उतरवत नाही. किनाऱ्यावर जी म्हातारी दिसेल, कुणाची का असेना, तिला ओरडून सांगतो, "आये, वर इलंय!" विहिरीत सूर मारणारी कार्टीसुद्धा सांगतात. म्हातारीनं हातातलं काम टाकून म्हणायचं, "इलंस? बस, जेव."

मला पोटचं पोर नाही. तरी रोज दहा जण आई म्हणून हाक मारतात. भिकाजीचे उपकार, दुसरं काय!