खडपावरची अकरा पोरं

फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्यांच्या आज्या लहान होत्या तेव्हा, खाडीकाठच्या खारबेटात पास्कीन बाय राहायची. कालवं फोडून पोट भरायची, आणि रविवारी ओहोटी साधून गावातल्या बारा पोरांना पलीकडच्या चर्चमध्ये न्यायची. पोरांनी एक दावं धरायचं, बायनं पुढं चालायचं आणि चालता चालता देवाबद्दल शिकवायचं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिनं सांगितलेलं माणूस म्हातारपणीही विसरत नसे, असं म्हणतात.

एका रविवारी जाताना तिनं येशूनं सांगितलेली मेंढपाळाची गोष्ट काढली. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर तो नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधायला निघतो. देव तसा आहे.

आठ वर्षांची रेमेत लगेच म्हणाली, “आणि मागं लांडगा आला म्हणजे? एकापायी नव्याण्णव घालवणारा कसला गं मेंढपाळ?”

पोरं हसली. ‘वकिलीण, वकिलीण’ म्हणून तिला चिडवत राहिली. पाऊल बघून टाका, एवढंच बाय म्हणाली, पण प्रश्न तिच्या मनात सलत राहिला.

त्या दिवशी चर्चमध्ये उशीर झाला. परतताना भरती लागली. निम्म्या वाटेवर खडप आहे, कालवांनी भरलेला मोठा खडक. तिथं पोचेपर्यंत पाणी मांडीला लागलं होतं. बायनं पोरांना वर चढवलं आणि मोजलं. अकरा.

तिनं मागं पाहिलं. चिडवण्याला वैतागून रेमेतनं केव्हाच दावं सोडलं होतं. पन्नासेक पावलांवर ती चिखलात रुतून छातीभर पाण्यात उभी होती. हाक मारत नव्हती. नुसती बघत होती.

पुढची वाट पोरांना एकट्यानं सापडणारी नव्हती, आणि भरतीला खडपही बुडायचा. बायनं अकरा जणांना दावं घट्ट धरून मोठ्यानं प्रार्थना म्हणायला सांगितलं. तेवढ्यात सगळ्यांत धाकट्या बस्त्यावनं तिचं लुगडं पकडलं.

“बाय, आम्हाला टाकून चाललीस?”

बाय खाली वाकली. “तू तिथं असतास, बस्त्या, तर या सगळ्यांना इथं ठेवून मी तुझ्याकडं आले असते. ठाऊक आहे ना?”

बस्त्यावनं मान डोलावली.

“मग भिऊ नको.”

त्यानं लुगडं सोडलं.

बाय पाण्यात शिरली. रेमेतच्या हनुवटीला पाणी टेकलं होतं. बाय बुडी मारून हातांनी चिखल उकरायची, श्वासापुरती वर यायची, पुन्हा बुडी मारायची. खडपावर अकरा पोरं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत होती. प्रार्थना संपली की पुन्हा पहिल्यापासून. एक पाय सुटला. मग दुसरा. पाणी बायच्या डोक्यावरून गेलं, तरी ती रेमेतला दोन्ही हातांनी वर धरून खाडीच्या तळावरून चालत आली, असं म्हणतात. खाडी चहूकडं भरली, पण पाणी खडपाच्या कडेला येऊन थांबलं, पोरांच्या पायांना शिवलं नाही, असंही म्हणतात. गावातून शोधायला होड्या आल्या तेव्हा तिथं तेरा जण बसले होते, आणि रेमेतचे हात पोरांनी दोन्ही बाजूंनी धरले होते.

खारबेटात रविवारच्या शिकवणीला आजही एखादं पोर आलं नाही, तर पाठ सुरू होत नाही. सगळा वर्ग उठतो आणि त्याच्या घरी जातो. ताप असेल तर खाटेभोवती बसूनच पाठ होतो, आई कुरकुरत सगळ्यांचा चहा टाकते. रुसून बसलं असेल, तर कुणी समजूत घालत नाही. अंगणातून नुसती हाक जाते, “आलोय न्यायला.”