रिकामा ठोका

त्या राज्यात सगळे काम ठोक्यावर चाले. राज्य चौकोनी होते, वाळूच्या एका पातळ, गुळगुळीत फरशीवर वसलेले. केसाहून बारीक अशा सोनेरी वाटा चारी कडांकडून आत येत. मधोमध एक वाळका बुंधा होता आणि त्यावर सुतारपक्षी चोच मारी. बुंध्याभोवती आठ खळगे आणि आठ खळग्यांत आठ खारी. सोनेरी वाटांनी बियांच्या राशी येत, आणि दर ठोक्याला प्रत्येक खार समोरचे बी उचलून कानाशी हलवी व एकच शब्द बोले: 'भरीव' किंवा 'पोकळ'. कामाच्या वेळी तिसरा शब्द उच्चारायला बंदी होती. बाकीच्या वेळी खारी जे काही बोलत ते इथे लिहिण्यासारखे नाही.

एकीचा जरी निवाडा चुकला तरी सूर्य विझे. मावळत नसे, विझे. पुन्हा लागे तेव्हा निवडलेले सगळे बी परत एकात एक मिसळलेले असे आणि काम पहिल्या बीपासून सुरू करावे लागे. चुकलेले बी तेवढे चुकणारीच्या पुढ्यात पडलेले असे, म्हणजे नाव विचारायला नको.

बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. साळू नावाची साळिंदर त्या वेळी पारव्यांच्या रांगेत एका पारव्याचा आखडलेला पंख तपासत होती. पारवे खारींना वारा घालत; काम करताना खारी तापत आणि तापलेल्या खारीला भरीव-पोकळ कळेनासे होई. राज्यात काहीही बिघडले की साळूला बोलावत. तिची रीत ठरलेली होती. बिघाड झाला की ती पाठीचा एक काटा उपटून त्या जागी रोवी. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाही, दोन कधीच नाही. कारण सापडले की काटा काढी. काम संपल्यावर बुंध्यावरचा थोरला सुतार वरून विचारी, "साळू, आज काटे किती?" आणि ती म्हणे, "पाठीवर आहेत तेवढेच." हे विचारणे आणि हे सांगणे इतकी वर्षे चालले होते की त्यात विनोद आहे हे दोघेही विसरले होते.

त्या दिवशी बातमी घेऊन कोणी आले नाही. एक ठोका आला नाही, एवढेच झाले. आठ खारी आठ बिया कानाशी धरून बसून राहिल्या. साळू बुंध्यापाशी गेली. थोरला खाली मुळाशी पडला होता, चोचीला सालीचा भुसा तसाच. साळूने सवयीने एक काटा उपटला आणि तिथे रोवला. मग परत जाऊन तिने त्या पारव्याचा पंख पुरता सरळ केला.

तिसऱ्या दिवशी थोरल्याचा मुलगा बुंध्यावर बसला. त्याला धाकटा म्हणत.

"दर पळाला छत्तीस ठोके," तो म्हणाला. "बाबांचे छत्तीस, आजोबांचेही छत्तीस. मी चव्वेचाळीस मारतो."

"मारा की," नालीच्या दाराशी बसलेले अस्वल म्हणाले. सगळे त्याला अण्णा म्हणत. नालीतून खारींना मध सोडायचे काम त्याच्याकडे होते. नाली पहिल्या खळग्यापासून निघून वळणे घेत सर्वांत शेवटी सहाव्या खळग्याला पोचे. "चोच तुमची, बुंधा तुमचा. मध मात्र माझ्या बापाचा नाही, तेव्हा जपून सोडणार."

पण खारींनी शेपट्या फुलवल्या होत्या. आणि खरोखरच त्या सकाळसारखी सकाळ राज्याने कधी पाहिली नव्हती. ठोके असे पडू लागले की दोन ठोक्यांमधली फट दिसेनाशी झाली. भरीव, पोकळ, पोकळ, भरीव. आठ गळ्यांतून शब्द उडू लागले. दुपारी येणारी रास सकाळीच संपली, उद्याची दुपारी संपली. पारव्यांच्या पंखांचा नुसता एक धूसर पडदा झाला. साळूला स्वतःच्या पाठीचे काटे तालावर हलताना जाणवले आणि तिला आवडले. थोरला गेल्यापासून तिला काही आवडले नव्हते.

एक मोठी रास संपली, राज्य क्षणभर टेकले, दुसरी रास आली, पहिला ठोका पडला आणि सूर्य विझला.

पुन्हा लागला तेव्हा एक पोकळ बी सहाव्या खळग्यापुढे पडले होते. तिथली खार तुरी, सगळ्यांत लहान. ती त्या बीकडे पाहत राहिली.

पुढच्या दोन दिवसांत सूर्य पाच वेळा विझला आणि पाचही वेळा बी तुरीपुढेच पडले. सभा भरली. पहिल्या खळग्यातली खार मोठी करारी होती. "आम्हा सातजणींना चव्वेचाळीस झेपतात," ती म्हणाली. "सहावा खळगा बुजवावा. तुरीला कडेपलीकडे सोडून यावे. सातांवर चालवू."

फरशीच्या कडेपलीकडे काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते. तिकडे गेलेले कोणी परतले नव्हते.

"त्यापेक्षा ठोके कमी करा," कोणी तरी पुटपुटले, पण ते कोणालाही नको होते. एकदा चव्वेचाळीस ऐकलेल्या कानांना छत्तीस म्हणजे लंगडणे वाटू लागले होते.

"मला दहा काटे द्या," साळू म्हणाली. "दहा काट्यांत कारण सापडलं नाही तर बुजवा."

तुरी तिच्या मागे मागे आली. "आत्या, मला ऐकू येतं हो. पोकळ बी कसं खडखडतं ते काय मला कळत नाही? पण त्या वेळी बी हलवायला हातच उठत नाही. अंगातलं कोणी काढून घेतल्यासारखं होतं. आणि लगेच बरं वाटतं."

"लगेच म्हणजे कधी?"

"लगेच म्हणजे सूर्य विझल्यावर," तुरी म्हणाली आणि रडायच्या बेतात असताना हसली.

साळू कामाला लागली. तिने धाकट्याला त्रेचाळीस मारायला लावले. सूर्य विझला, जरा उशिरा. बेचाळीस. आणखी उशिरा, पण विझला. दोन काटे गेले. ठोके परत चव्वेचाळिसावर नेऊन तिने अण्णांना मध वाढवायला सांगितला. खारी तरतरीत झाल्या आणि अशा तापल्या की केसांना जळका वास येऊ लागला. तरी सूर्य विझलाच. मध पूर्ववत करून तिने पारव्यांची दुसरी रांग उभी केली. खळगे गार पडले, खारींना शिंका आल्या, सूर्य विझला. मग तिने सबंध दिवस विसावा न देता राशीवर रास ओतायला लावली, तुरीची कसोटी पाहायलाच. संध्याकाळपर्यंत आठही खारी धापा टाकत होत्या, पण एकही निवाडा चुकला नाही. तुरीचा तर सगळ्यांत स्वच्छ.

साळू चक्रावली. ओझ्याखाली टिकते आणि विसाव्यानंतर पडते असा बिघाड तिने पाहिला नव्हता. दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे विसावे सुरू झाले आणि पहिल्याच विसाव्यानंतर सूर्य विझला.

सहाव्या काट्याला तिने करारी खारीला आणि तुरीला खळगे बदलायला सांगितले.

"मी? त्या टोकाला?" करारी खार म्हणाली. "माझ्या कामात खोट काढता होय?"

"खोट नाही हो. पाहुणचार समजा."

विसावा झाला, रास आली, सूर्य विझला. लागला तेव्हा सहाव्या खळग्यात करारी खार तोंड उघडे टाकून बसली होती आणि तिच्यापुढे एक पोकळ बी होते. राज्यात इतका मोठा हशा पूर्वी कधी झाला नव्हता. तुरी पहिल्या खळग्यातून उडी मारून बाहेर आली. "मी नव्हे! आत्या, मी नव्हे!"

"मग खळगा वाईट," करारी खार सावरत म्हणाली. "खळगा बुजवा."

"आणि आठवी खार कुठे बसणार?"

नुसते शब्द फिरले होते, तुरीला जायचे होतेच. चार काटे उरले होते.

आतापर्यंत साळू काम चालू असताना पाहत होती. तिने ठरवले की आता विसावा पाहायचा. भर दुपारी ती बुंध्याच्या मुळाशी, त्या एकट्या काट्याशेजारी जाऊन बसली. रास संपली. खारींनी अंगे सैल सोडली. नालीतला मध संथ झाला. अण्णांचे डोके हळूहळू छातीवर आले. सोनेरी वाटेवर नवी रास दिसू लागली, धाकट्याने मान मागे घेतली, आणि त्या क्षणी साळूच्या पाठीचे सगळे काटे एकदम उभे राहिले.

ते कशाची तरी वाट पाहत होते. जे यायचे होते ते आले नाही. आला तो कामाचा ठोका, आणि सूर्य विझला.

त्या अंधारात साळू हलली नाही. इतकी वर्षे काय यायचे ते तिला आता ऐकू येत होते. विसाव्यानंतर थोरला आधी एक हलका ठोका मारी. त्यावर कोणी बी उचलत नसे, कोणी काही बोलत नसे. त्यानंतरचा ठोका कामाचा. लोक म्हणत, म्हाताऱ्याची चोच घसरते. ती स्वतः एकदा म्हणाली होती.

सूर्य लागताच ती ओरडली, "अण्णा! थोरला असताना तुम्ही विसाव्यात काय करायचात?"

"काम," अण्णा म्हणाले.

"अण्णा."

"बरं, डुलकी. पण जरा डोळा लागला की त्याचा तो फुटकळ ठोका पडायचा आणि माझी झोप मोडायची. दचकून दार ओढून उघडायचो. आता कसं, निवांत असतं. पहिल्या हिसक्याला आठही जणी नालीला तोंड लावतात तेव्हाच जाग येते."

"आणि तोवर टोकाला मध पोचत नाही."

अण्णांनी नालीकडे पाहिले, सहाव्या खळग्याकडे पाहिले आणि मोठा पंजा तोंडावर ठेवला.

धाकट्याची मान ताठ झाली होती. "आत्या, ती बाबांची चूक होती. मी बुंध्यावर बसल्यावर सगळ्यांत आधी तीच सुधारली. चव्वेचाळिसांत रिकाम्या ठोक्याला जागा कुठे आहे?"

"एकदाच मारून बघ. सातवा काटा आहे माझा."

त्याने मारला. चोच नुसती टेकवल्यासारखा, लाजत. बुंधा पोकळ हुंकारला. अण्णा दचकले, दार सरकले, मध उसळत टोकापर्यंत धावला. मग चव्वेचाळिसांतला पहिला ठोका पडला.

"भरीव," तुरी म्हणाली.

सूर्य होता.

"पुन्हा," साळू म्हणाली. तिने मुद्दाम लहान लहान राशी मागवल्या. दर राशीनंतर विसावा, विसाव्यानंतर रिकामा ठोका. पाच राशी. दहा. पारव्यांच्या माना एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळू लागल्या. पंधराव्याला करारी खार स्वतःच मोजू लागली. विसाव्या राशीला अण्णा उभे राहून दार धरून होते, घामाघूम, आणि ओरडत होते, "मार रे, मार, जागा आहे मी!" चाळिसाव्या राशीला मोजणे थांबले, कारण सगळे नाचत होते. विसाव्याच्या त्या क्षणात आठही खारी श्वास रोखत, हलका ठोका पडे, आणि सगळे राज्य हिसक्यासरशी निघे, छत्तिसांत कधी निघाले नव्हते असे. तुरी सहाव्या खळग्यात बसली होती आणि तिचा आवाज सगळ्यांत वर लागला होता.

संध्याकाळी साळू काटे काढत फिरली. ठोक्यांचे दोन, मधाचा, पारव्यांचा, न थांबलेल्या दिवसाचा, खळग्यांचा, रिकाम्या ठोक्याचा. सगळ्यांचे कारण एकच निघाले होते. सभेआधीच्या सहा वेळांचे सहा काटे सहाव्या खळग्याच्या काठावर होते. ते तुरीने स्वतः उपटून आणून दिले.

वरून धाकट्याने हाक मारली. त्याला ते कोणी शिकवले नव्हते, त्याने फक्त रोज ऐकले होते. "आत्या, आज काटे किती?"

साळूने पाठीकडे पाहिले आणि मग बुंध्याच्या मुळाशी. तो काटा तिथे होता, थोडा कलंडलेला, भोवती सालीचा भुसा. कारण सापडले की काटा काढायचा, अशी तिची रीत होती.

वर धाकट्याने मान मागे घेतली आणि हलकेच एक रिकामा ठोका मारला. अण्णांनी दार ओढले. मग कामाचा ठोका पडला आणि आठ खारींनी बी उचलले.

तेवढा एक काटा काढायचा राहिला.