कोहळ्याची मूद

ज्या काळी गावे आपापल्या तांदळावरून ओळखली जात, त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वृद्ध भातपारखी राहत असत. भाताचे एक शीत जिभेवर ठेवावे, डोळे मिटावे आणि सांगावे, "हे ओढ्याकाठच्या खाचरातले, आणि याच्या मळणीला पाऊस लागला आहे." त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नाही. ग्रामदेवीच्या नैवेद्याला कोणाच्या शेतातला नवा तांदूळ घ्यावयाचा, हे त्यांच्याच जिभेवर ठरे.

एका श्रावणात त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. वैद्यबुवांनी नाडी पाहिली व मान हलवली.

"भात बंद. पोळी, भाकरी, धान्य म्हणून जे जे घरात येते ते सारे कार्तिक सरेपर्यंत बंद. नाहीतर पाय हातचा जाईल."

"मग खाऊ काय?"

"भाज्या आणि वरण. हवे तेवढे."

"वऱ्हाड आले आणि नवरदेवच नाही, अशा पंगतीला मी बसत नाही," म्हातारे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

घरात सासूबाई नव्हत्या; मुलगा दिवसभर शेतावर असे आणि सारा संसार सुनेच्या हाती होता. मामंजींचे पान रोज जसेच्या तसे परत येई आणि तीही अर्ध्या जेवणावरून उठे. एके सकाळी तिची नजर छपरावरच्या वेलाकडे गेली. तिथे एक पांढुरका कोहळा ऊन खात पडला होता.

तिने कोहळा तांदळाएवढा बारीक चिरला, फडक्यात घट्ट पिळला, वाफवला. भाताला वास यावा म्हणून घालतात ते रंपेचे पान वाफेत सोडले. वाटीत दाबून पानाच्या मधोमध मूद पाडली, वर वरण घातले, तुपाची धार सोडली. आणि पान पुढे सरकवताना ती म्हणाली,

"मामंजी, एवढ्या एका तांदळाला वैद्यबुवांनी मोकळीक दिली आहे. परमुलखातला आहे म्हणे."

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी घास घेतला, सवयीने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग ते सुनेकडे पाहून हलकेच म्हणाले, "छान आहे हो."

पान स्वच्छ झाले. सुनेने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर रोज मूद पडू लागली. जखम सुकत चालली. परंतु म्हातारे अबोल होत गेले. एरवी ज्यांना आमटीतले मीठ जरासे कमी झालेले खपत नसे, ते आता समोर येईल ते मुकाट्याने खात. सुनेने मनाची समजूत घातली की हा आजारपणाचा थकवा असेल.

आश्विनात नवा तांदूळ आला. पाटील आणि गावकरी भाताची वाफाळती बोळकी घेऊन अंगणात उभे राहिले. म्हातारे ओटीवर येईनात.

"काय हो पारखीबुवा," पाटलांनी हाक दिली, "नव्या नवरीसारखे आत काय बसलात? उंबरा ओलांडून बाहेर या!"

म्हातारे काठी टेकीत दारापर्यंत आले. "पाटील, दुसरा पारखी पाहा. माझी जीभ गेली."

"जीभ गेली म्हणजे? बोलता तर आहात!"

"सूनबाई मला रोज भात वाढते. वाफ असते, वास असतो, मूद असते. पण घास जिभेवर ठेवला की तो काही सांगतच नाही. सूनबाई खोटे वाढणार नाही. तेव्हा खोटी झाली ती माझी जीभच."

दाराआड सून हे ऐकत होती. खरे सांगावे, तर मामंजी पुन्हा पानावरून उठतील आणि अजून ओली असलेली जखम उलटेल. शिवाय चार माणसांत शोभा होईल ती वेगळीच. न सांगावे, तर जन्मभराची पारख आपण आपल्या हाताने पुरली असे होईल. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती ओटीवर आली.

"मामंजी, तुमची जीभ खरी आहे. खोटी होती ती मूद. तो तांदूळ नव्हता, कोहळा होता."

कोणीतरी फिस्सकन हसले. पाटलांनी डोळे वटारले.

"कोहळा!" म्हातारे म्हणाले. "आणि तो फोडला कोणी? आपल्याकडे बायका अखंड कोहळ्यावर विळी चालवीत नाहीत."

"इकडूनच... गोठ्यामागे."

"म्हणजे चिरंजीवही सामील!" पाटील खो-खो हसले. म्हातारे मात्र हसले नाहीत.

"मुली, उपाशी ठेवले असतेस तर मी पोटाने सोसले असते. तू मला माझ्यावरच संशय घ्यायला लावलास."

"चुकले, मामंजी. परत आलेले पान बघवत नव्हते."

म्हातारे आपल्या पायाकडे पाहत राहिले. जखमेच्या कडेने नवी कातडी धरली होती. मग ते ओटीवर बसले.

"पाटील, आणा ती बोळकी. जिभेला कार्तिकापर्यंत रजा आहे. तोवर नाकावर भागवू."

एकेका बोळक्याचे झाकण उघडून त्यांनी वाफ हुंगली. एकापाशी थांबले. "हा देवीचा. वरच्या झऱ्याचे पाणी प्यालेला आहे." ज्याचे ते बोळके होते, त्या शेतकऱ्याने झऱ्याच्या दिशेने हात जोडले.

दुपारी सून हातात वाटी घेऊन चुलीपाशी घुटमळत होती.

"ती वाटी ठेव खाली," पाटावरून आवाज आला. "कोहळ्याला कोणाचे सोंग नको. मोहरी-मिरचीची फोडणी दे, ओले खोबरे घाल आणि उजवीकडे, भाजीच्या जागी वाढ."

"आणि मधे काय वाढू, मामंजी?"

"मधे काही नको. ती जागा भाताची. तो परगावी गेला आहे; कार्तिक सरला की येईल."

सुनेने तसे पान वाढले. म्हाताऱ्यांनी कोहळ्याचा घास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांच्या कपाळावर ओळखीची आठी उमटली.

"छपरावरचा आहे, पोटभर ऊन खाल्लेला. आणि सूनबाई, मीठ कमी आहे."

किती दिवसांनी ती हे ऐकत होती! पदराने डोळे टिपीत ती मीठ आणायला धावली.

तात्पर्य: मायेपोटी केलेली फसवणूकही माणसाचा स्वतःवरचा विश्वास हिरावून घेते; म्हणून जे वाढावयाचे, ते त्याच्या खऱ्या नावाने आणि त्याच्याच जागी वाढावे.