मधली रिकामी जागा

लाकडाच्या वखारींशेजारी भुशाच्या शेगड्या पेटत, त्या दिवसांतली ही गोष्ट. सुंद्राबाई वखारीतल्या माणसांना भाकऱ्या करून घालायची. रोज ती शेगडीत मधोमध काचेची बाटली उभी करी, भोवती भुसा ठासून भरी आणि बाटली अलगद ओढून काढी. खालच्या तोंडातून शिरलेला वारा त्या पोकळीतून वर चढे आणि जाळ तव्याला लागे.

एके सकाळी भुसा शेगडीला म्हणाला, "एवढी जागा वाया का घालवायची? मी तिथंही बसतो. आपण दुप्पट पेटू."

शेगडीला पटलं. तिनं अंग हलवलं, भुसा ढासळला आणि पोकळी बुजली.

मग जाळ काही येईना, नुसता धूर. माणसं हात धुऊन जेवायला बसली, तरी तव्यावरची भाकरी कच्चीच.

"बाई, मी कमी पडलो," भुसा म्हणाला. "आणखी घाला."

"कमी नाही, तू जास्त झालायस," सुंद्राबाई म्हणाली. तिनं शेगडी उपडी केली, बाटली ठेवून पुन्हा भरली, बाटली काढली आणि खालून काडी लावली. भाकरी टम्म फुगली.

भुसा कोपऱ्यातल्या बाटलीला म्हणाला, "जळतो मी. तू तर आत थांबतही नाहीस. मग तुझं काम काय?"

"वेळेवर बाहेर निघणं," बाटली म्हणाली.