केरूचे खोडलेले नाव

एका राज्यात एका सकाळी शाळेची हजेरी झाली, आणि एक 'हजर' कमी पडला.

नावे सत्तावीस, मुले सत्तावीस, 'हजर' मात्र सव्वीस. एवढीशी गोष्ट, कुणाच्या कानी आली नाही. सुलेखाबाईंच्या तेवढी आली. त्या दिवशी खुद्द राजा हिरण्यकेतू शाळा पाहायला आला होता, आणि सोनेरी शाईने लिहिलेली यादी बाई त्याला वाचून दाखवत होत्या. 'कनकमंजिरी' असे नाव पुकारले. शेवटच्या रांगेतल्या नव्या मुलीने तोंड उघडले, ओठ हलवले, पण आवाज काही आला नाही.

बाई दचकल्या. राजा मात्र डोळे मिटून डोलत होता. घसा बसला असेल पोरीचा, असे म्हणून बाईंनी घाईघाईने पुढचे नाव घेतले. राजा खूश झाला, आणि जाताना त्यांना हस्तिदंती लेखणी देऊन गेला.

सुलेखाबाई राजधानीच्या विद्यापीठातून शिकून नुकत्याच या शाळेवर आल्या होत्या. वय तेवीस. कुणाची पाटी पडली तरी दचकत, दार वाजले तरी उठून उभ्या राहत. वर्गात हशा पिकला की त्या पटकन पुढचे पान उलटत.

दुसऱ्या दिवशी कोवळे ऊन वर्गात आले, आणि भिंतीवर सव्वीसच सावल्या पडल्या. बाईंनी पाहिले, आणि फळ्याकडे तोंड फिरवले.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी जागेवर नव्हती. मुले शाळेतच राहत, महिन्याने घरी जात. म्हणजे घरी जावे तर तीही वेळ नव्हती. शेजारची मुले थोडी सरकून बसली होती. जागा बुजूनही गेली होती.

वर्गाच्या खिडकीत एक साळुंकी बसे. ती बोले, पण त्या राज्यात त्याचे कुणाला नवल नव्हते. बाईंनी तिला विचारले, "साळुंके, ती मुलगी गेली कुठं?"

"कोणती?"

"कनकमंजिरी."

"या नावाची मुलगी मी पाहिली नाही."

बाई खाली बघत म्हणाल्या, "केरू."

"हां, केरू. ती नामशोषाच्या कोठारात आहे."

नामशोष हा त्या राज्यातला जुना मांत्रिक. ज्याला नाव नाही ते नामशोषाचे, असा पिढ्यान्‌पिढ्या तिथला कायदा होता.

"पण तिला नाव आहे!" बाई म्हणाल्या. "मी केवढं सुंदर नाव दिलं तिला!"

साळुंकीने वाद घातला नाही. ऐकलेले ती कधी विसरत नसे. तिने गळा फुगवला, आणि शाळेतला केरूचा पहिला दिवस जसाच्या तसा बोलून दाखवला. आधी आला बाईंचाच आवाज: "नाव काय गं तुझं?" मग बारीक आवाज: "केरू." मग हशा. "केर! केर! अरे, केरसुणी आणा रे कुणीतरी!" मग पुन्हा बाई: "अगं, हे काय नाव झालं? उद्या महाराज यायचेत. आजपासून तू कनकमंजिरी. कळलं?" आणि त्यानंतर, बाईंनी तोवर कधीच न ऐकलेला, अगदी खालचा आवाज: "बाई, पण हे माझ्या आईनं..." पुढचे शब्द ऐकू येईनात. लेखणी कागदावर खरखरत होती.

जुने नाव बाईंनी खोडले, नव्याला मुलीने ओ दिली नाही. मधल्या मधे ती बिननावाची झाली.

बाईंनी ती यादी असलेली हजेरीची वही उचलली आणि डोंगराची वाट धरली. नामशोषाचे कोठार डोंगराच्या पोटात होते. दारात एक वाळकुडा म्हातारा किल्ल्या पुसत बसला होता.

"या बाई," तो म्हणाला, आणि बाई दचकल्या. "दचकू नका. मी चोर नव्हे. लोक टाकतात ते उचलतो."

आत बरणीबंद तळी होती, ज्यांना कुणी नाव ठेवले नव्हते. विसरलेले वारे होते, गाठोड्यांत बांधलेले. आणि पार मागे, अंधूक उजेडात, दगडाच्या मुलांच्या रांगाच रांगा.

"तिला सोडा," बाई म्हणाल्या.

"तीन गोष्टी आणा. सोनेरी नाव पुसलेली वही आणा. त्या दिवशीचा हशा या डबीत भरून आणा. आणि तिचं नाव आणा."

"नाव तर मला ठाऊक आहे."

"आहे का?" म्हातारा म्हणाला. "बरं. तिन्ही आणल्यात तर तीन हाका मारायची मुभा. खोडलं ज्यानं, हाक त्यानंच मारायची. तिनं ओ दिली तर हे कोठार मोडेल, आतलं सारं सुटेल. नाही दिली, तर तुमचं नाव इथं राहील, आणि तुम्हीही."

बाई आधी दरबारात गेल्या. सोनेरी शाई राजाच्या शब्दाशिवाय पुसली जात नसे.

"महाराज, ती यादी खोटी आहे."

"कुणी खोटी केली?"

"मी."

"का?"

"आपल्याला ऐकायला गोड लागावी म्हणून एका मुलीचं नाव बदललं."

राजाने वही जवळ ओढून ते नाव पाहिले. "आम्हांला गोड लागली," तो म्हणाला. "त्या पोरीला कशी लागली, हे कुणी विचारलं?"

"नाही, महाराज."

"आम्हीही नाही विचारलं. पुसा ते नाव."

त्यासरशी त्या नावाची सोनेरी अक्षरे माश्यांसारखी उडाली आणि खिडकीतून निघून गेली. त्यांच्याखाली 'केरू' खोडल्याचा ओरखडा होता. तो मात्र गेला नाही.

बाईंनी लेखणी राजाच्या पायाशी ठेवली आणि वर्गात आल्या. डबी उघडून म्हणाल्या, "त्या दिवशीचं हसू ज्याचं त्यानं यात टाकायचं." मुले एकेक करून आली, डबीला तोंड लावून हसली, आणि हसू खड्यासारखे आत पडत गेले. पंचविसांचे झाले. सगुणा म्हणून एक मुलगी होती, ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"चल गं, सगुणे."

"मी टाकते. पण पहिली मी नव्हते हसले."

"मग कोण?"

"तुम्ही, बाई."

"मी? मी कुठं हसले?"

"तुम्ही ओठ असे दाबलेत." सगुणेने ओठ दाबून दाखवले. "आम्हांला वाटलं, हसायचंय."

सगुणेने आपले हसू टाकले, तरी डबीचे झाकण लागेना. मग बाईंनी डबीला तोंड लावले. त्यांचे हसू श्वासाएवढेही नव्हते. पण ते आत पडताच झाकण लागले, आणि डबी इतकी जड झाली की त्यांचे दोन्ही हात खाली गेले.

तिसरे काम सोपे म्हणून बाईंनी मागे ठेवले होते. आता त्यांना तसे वाटेना. त्या केरूच्या गावी गेल्या. केरूची आई हौसा, घायपाताचे दोर वळी. अंगणात तिचे वळणे चालू होते.

"बाई, तुम्ही?" ती उठली. "पोर बरी हाय न्हवं?"

बाईंनी सगळे सांगितले. हौसा ओरडली नाही. तिच्या हातातला दोर सैल पडला, आणि वळलेला सारा पीळ फिरत फिरत उलगडून गेला.

"हिच्या आधी तीन गेली माझी," ती म्हणाली. "लई गोड नावं ठेवली व्हती त्यांची. ही झाली तवा हिला उकिरड्यावर ठेवली, आन् सुईणीनं केरातनं उचलून घरात आणली. म्हणून केरू. मरण दारात आलं तर म्हणंल, केरच हाय, ह्याला काय न्यायचं. ते नाव न्हवतं, बाई. पांघरूण व्हतं. तुम्ही ओढून घेतलं."

"मला माहीत नव्हतं."

"तिला इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. सगळ्यांना सांगती ती. लई तोंडाळ हाय."

तोंडाळ! बाईंनी तिचे एक वाक्यसुद्धा पुरे होऊ दिले नव्हते.

"हाक कशी मारणार तिला?" हौसाने विचारले.

"केरू."

"ही हजेरी झाली. हाक न्हवं. हाक मारताना ताट वाढलेलं असतं, भाकर निवत असती. तुमच्या शाळंत तिची कुणी वाट बघत व्हतं का?"

बाई डोंगराच्या वाटेला वळल्या. हौसाने पदर खोचला आणि मागून चालू लागली.

नामशोषाने वही पाहिली, डबी तोलून पाहिली, आणि वाट सोडली. हौसा दारात बसली. दगडाच्या रांगांपुढे बाई उभ्या राहिल्या.

पहिली हाक मारायला तोंड उघडले, तोच एक बरणी फुटली. बाई दचकल्या. नाव अर्ध्यावर तुटले, 'के' एवढेच बाहेर पडले. दगड दगडच राहिले.

दुसरी हाक पुरी आली, खणखणीत. पण सवयीने त्यांची नजर वहीत होती. दगड हलले नाहीत.

"बाई, एकच उरली," नामशोष म्हणाला.

सुलेखाबाईंनी वही खाली ठेवली. केरूचा चेहरा आठवू लागल्या, तो आठवेना. सरळ पाडलेला भांग तेवढा आठवला, कारण पोर सदा खाली मान घालून असे. आणि पहिल्या दिवशीचे तिचे पाय आठवले, धुळीने माखलेले, दाराबाहेर थांबलेले. कुणीतरी 'ये' म्हणेल म्हणून ते पाय केवढा तरी वेळ थांबले होते. बाई तेव्हा यादी करत होत्या.

ते पाय डोळ्यांपुढे धरून त्यांनी हाक घातली.

"केरूऽऽ! ये गं, आत ये. तुझी जागा आहे. मीच उशीर केला. केरूऽऽ!"

हाक चालू असतानाच मागे नामशोषाच्या साऱ्या किल्ल्या एकदम खडकावर कोसळल्या. बाई दचकल्या, नखशिखान्त दचकल्या, पण आवाज तुटू दिला नाही. "केरूऽऽ..." हाक लांबत गेली, बाईंचा श्वास सरत आला. सगळीकडे शांत झाले. बाईंना आपलेच नाव आठवेनासे झाले. 'सु' होते, पुढे काय होते? पायांना गारठा चढू लागला. दारात हौसाने डोळे मिटून घेतले.

आणि पार मागच्या रांगेतून, घरात देतात तसे, झोपेतून उठवल्याबद्दल जरासे रागावलेले, स्वच्छ उत्तर आले:

"ओऽऽ!"